काळनथडीच्या तळ्याची चौथी बाजू

या तळ्याकडे नीट बघा. तीन बाजूंना घडीव दगडाच्या पायऱ्या आहेत आणि चौथ्या बाजूला नुसता मातीचा बांध. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, काम अर्धवट का सोडलं? तुम्ही तर त्याच्याही पुढे गेलात. आमच्या देशाचा इतिहास, लोक आणि संस्कृती थोडक्यात सांगा म्हणालात, कारण गाडीची वेळ झाली आहे. बसा. ते सगळं या चौथ्या बाजूतच आहे, आणि ते सांगताना माझं डोकं फिरतं हे आधीच सांगून ठेवतो.

काळन नदीच्या काठचा मुलूख म्हणून ही काळनथडी. असे सांगतात, की इथे पूर्वी नुसतं रान होतं. मग मेंढरांमागे मेंढके आले, नदीतून नावाडी आले, आणि देऊळ बांधायला आलेले पाथरवट परत गेलेच नाहीत. तिघांची भाकरी वेगळी, लग्नातली गाणी वेगळी, हट्ट मात्र एकाच चुलीवर शिजलेला. राजे आले आणि गेले. आमच्या लोकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, कारण आपसातल्या भांडणांतून सवडच मिळाली नाही.

एका दुष्काळानंतर तिघांनी मिळून हे तळं खोदलं. एकेक बाजू एकेकाने बांधली. चौथीच्या वेळी कोणी शहाणा म्हणाला, ही बाजू मूळच्या लोकांनी बांधावी, तो मान त्यांचा. झालं! तिघेही मूळचे निघाले. पाऊस तोंडावर आला तरी एक दगड हलला नाही.

तेव्हा इथे येसाई नावाची सुईण होती. ती मूळची कुठली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई अडलेली असताना ते विचारायचं कोणाला सुचतं? तिन्ही वस्त्यांतली पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली. ती दारोदार फिरली, हात जोडले, मग शिव्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. एके दिवशी आभाळ फुटलं, तळं भरलं आणि उघड्या बाजूने पाणी खालच्या वस्तीकडे निघालं. तिथे बाळंतिणी होत्या, तान्ही लेकरं होती.

येसाई म्हणे त्या खिंडारात जाऊन बसली. लोक धावले, हात धरून ओढू लागले. ती उठेना. म्हणाली, "तुमचं ठरू द्या. ठरलं की मला उठवा." आणि ऐका, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोन वेगळ्या वस्त्यांतले दोन म्हातारे एकदमच म्हणाले, "ठरवायचंच असंल तर आधी आमीच आलोय." काय बोलावं अशा माणसांना! येसाईने त्यांच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मग टाका माती."

मेंढक्यांनी घोंगड्यांतून माती आणली, पाथरवटांच्या टोपल्या नावाड्यांनी उचलल्या. कोणाची माती कोणती हे कळेनासं झालं, तेव्हा कुठे पाणी थांबलं. वस्ती वाचली. येसाई आतच राहिली.

त्या दिवसापासून या बाजूला दगड लावायचा नाही, असा नेम आहे. पावसाच्या आधी घरटी एक टोपली माती अंगणातून आणायची, बांधावर ओतायची आणि कोणाची ते बोलायचं नाही. यंदाही टोपल्या आल्या. पण आता येसाई मेंढक्यांची, नावाड्यांची की पाथरवटांची, यावर जुंपली. टोपल्या भुईवर आणि माणसं एकमेकांच्या अंगावर. शेवटी खालच्या वस्तीतली कावेरी कडेवर मूल घेऊन पुढे आली. म्हणाली, "बांधाखाली मी राहते. आधी माती टाका, मग भांडा." तेव्हा टाकली. टाकून झाल्यावर पुन्हा भांडले.

मूळचे लोक कोणते, असं मघाशी तुमच्यातल्या एकाने विचारलं. ते अजून ठरायचं आहे. आजही येसाईला कोणी उठवलेलं नाही.