पाचाला बोट

तळेखेडच्या मार्केट यार्डात कडुनिंबाखाली एक ओटा आहे आणि त्यावर बटणांचा जुना फोन. वायर नाही, आवाज नाही. तरी येणारा-जाणारा त्यातल्या पाचाला बोट लावतो. पाहुणे हसले की म्हातारे केरूनाना हमाल डाफरतात, "आधी ऐका राव, मग काय दात काढायचे ते काढा!"

गोल चकतीचे फोन जाऊन बटणांचे नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट सांगतात. आडतीवर अंबादास मुनीम होता. कॅल्क्युलेटरवर त्याची बोटं न बघता पळायची, अन् त्याचा त्याला भारी तोरा. नवा फोन बघून म्हणाला, "हा तर आपल्या हातातला खेळ!"

एका दुपारी धरणावरचा माणूस धापा टाकत आला. पाणी सोडलं होतं. अंबादासचा जिवलग भिका खाली वाळकेवस्तीजवळ नदीच्या पात्रात मेंढरं चारायचा. वस्तीत फोन एकच, भिकाच्या बायकोच्या दुकानात. नंबर २१८. अंबादासने न बघता बटणं दाबली. पलीकडे कुणी तरी उचलला.

"पाणी सोडलंय, भिकाला वर बोलवा!"

"बरं बरं," आवाज आला. अंबादासने फोन ठेवला आणि निर्धास्त चहा मागवला.

संध्याकाळी कळलं, भिका वाहून गेला. अंबादास म्हणे खुळ्यासारखा फोनकडे बघत राहिला. मग त्याने कॅल्क्युलेटर शेजारी ठेवला अन् एकेक बटण ताडून पाहिलं. कॅल्क्युलेटरवर एक-दोन-तीन खाली, फोनवर वर! मधली ओळ तेवढी जागची. २१८ ऐवजी ८७२ लागला होता. निरोप भलत्यालाच गेला होता.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण शेवटी तो वस्तीवर गेला, भिकाच्या बायकोपुढे, ठकूबाईपुढे, उभा राहिला. "वहिनी, तो माझ्यामुळे गेला," म्हणत सगळं सांगितलं.

ठकूबाई रडली नाही, असं सांगतात. "मी फोनपाशीच बसले होते, भावजी," ती म्हणाली. "कोण बोलतंय, एवढं तरी विचारायचं!"

पुढे आडतीतला तो फोन अंबादासनेच काढून ओट्यावर मांडला. आजही तळेखेडात मधल्या पाचावर बोट ठेवून, एक-दोन-तीन वर की खाली ते बघूनच नंबर लावतात आणि पलीकडे घरची बायको असली तरी आधी "कोण बोलतंय?" विचारतात. अंबादासही हातपाय थकेपर्यंत रोज ओट्यावर येई, त्या मुक्या फोनला तेच विचारी, अन् रिसिव्हर कानाला लावून बसून राही, म्हणे.