ठिपकीची लाही आणि आबांची आंघोळ

होती एक मुंगी. तिळाएवढी. छे, तिळाहूनही थोडी लहान. नाव ठिपकी.

यंदा पाऊस आलाच नाही. अंगणातली लिंबोणी सुकली. तिच्या बुडाशी जमिनीला भेग पडली. ही एवढी लांब.

ठिपकीला सापडली ज्वारीची एक लाही. ती घेऊन निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. घरी धाकटी बहीण भुकेली होती.

आणि काय झालं? लाही सुटली. टुपुक. पडली भेगेत.

"भेगबाई, भेगबाई, माझी लाही दे."

भेग म्हणाली, "माझा घसा कोरडा. आबांच्या आंघोळीचं पाणी इथे ओततात. आठ दिवस झाले, आलंच नाही. मी भिजले, की लाही तरंगत वर येईल."

तुरुतुरु, तुरुतुरु. आबा बाजेवर बसले होते.

"भेग भिजेना, लाही निघेना. आबा, आबा, आंघोळ करा."

आबांची नात राही नाक दाबून म्हणाली, "करा हो आबा. तुमचा वास वेशीपर्यंत गेलाय. पाण्याचा टँकर तिथूनच परत जाईल."

आबा म्हणाले, "बाजेवर न्हायचं, खाली घमेलं ठेवायचं. घमेलं नसलं, तर पाणी वाया. घमेलं आणा, मग न्हातो."

तुरुतुरु, तुरुतुरु. घमेलं गोठ्यात होतं.

"आबा न्हाईनात, भेग भिजेना, लाही निघेना. घमेलेदादा, बाजेखाली चल."

घमेलं म्हणालं, "माझ्यात कोंबडी बसलीय. ती उठली, की हलेन."

"घमेलं हलेना, आबा न्हाईनात, भेग भिजेना, लाही निघेना. कोंबडीताई, ऊठ."

कोंबडी म्हणाली, "अंडं उबवतेय. ते फुटलं, की उठेन."

"कोंबडी उठेना, घमेलं हलेना, आबा न्हाईनात, भेग भिजेना, लाही निघेना. अंडोबा, फूट."

आतून आवाज आला, "बाहेर कसला वास येतोय? आबा न्हाले, की फुटेन."

ठिपकी मटकन खाली बसली. अंड्याला हवी आबांची आंघोळ. आबांना हवं घमेलं. घमेल्यात कोंबडी. कोंबडीखाली अंडं. गोल गोल गोल. तिचं डोकं गरगरलं.

मग ती अंड्याला हळूच म्हणाली, "बाहेर एक लाही पण आहे. अर्धी तुझी."

अंडं आतून जरासं हललं.

"कुरकुरीत आहे?"

"खूप."

टक. टक. टक.

अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं, पंखाने नाक दाबून. कोंबडी उठली. घमेलं हललं, खणखण करत बाजेखाली आलं. राहीने ओतले दोन तांबे. आबा न्हाले. ठिबठिब पाणी घमेल्यात, घमेल्यातलं लिंबोणीला. गुटुक गुटुक, भेग भिजली. आणि तरंगत तरंगत लाही निघाली.

पण झाली होती मऊ.

"कुरकुरीत म्हणाली होतीस," पिल्लू म्हणालं.

"थांब की. ऊन काय थोडं आहे?"

दोघांनी लाही वाळवली. अर्धी पिल्लाने खाल्ली. कुरुम कुरुम. अर्धी ठिपकीने घरी नेली. तुरुतुरु, तुरुतुरु, भेगेला वळसा घालून.

धाकटीने लाही हुंगली. "ताई, हिला साबणाचा वास येतोय."

"खा गुपचूप," ठिपकी म्हणाली. "सकाळी आबांचा आला असता."

कुरुम कुरुम.