महाराज सगुणाच्या उशाशी आले

येरळेच्या काठी बोरसरे नावाचे एक लहानसे गाव होते. त्या गावाच्या उगवतीला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, दयाळनाथ महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, एक शाकारलेली पडवी, आत धुनी आणि धुनीसमोर महाराजांचे आसन. पण त्या पडवीत बसले की घरची कटकट विसरायला होई, असे लोक सांगत.

गावात भागू नावाची एक कासारीण राहत असे. नवरा वारलेला. पदरी सगुणा नावाची पाच-सहा वर्षांची एकुलती लेक. दिवसभर बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून भागू वाड्यावस्त्यांवर हिंडे आणि सांजेला परतताना मठाच्या पायरीवर डोके टेकवून घरी जाई. मागणे कधी काही नाही. "आजचा दीस बरा गेला, महाराज," एवढेच म्हणे.

भागूच्या घरासमोरच व्यंकटराव इनामदारांचे मोठे घर होते. इनामदारांना या भक्तीचे भारी हसू येई. ओसरीवरून ते मोठ्याने म्हणत, "काय भागू, आज काय दिलं तुझ्या बुवाने? राख की नुसताच आशीर्वाद?" भागू पदर सावरून पुढे जाई. इनामदारांची लेक लहानपणीच तापाने गेली होती आणि तेव्हापासून त्यांनी देवाचे नाव टाकले होते. गावाला ते ठाऊक होते. म्हणून कुणी त्यांना उलट बोलत नसे.

त्या वर्षी थंडीत सगुणाला ताप भरला. वैद्यांनी काढा दिला. दिवसा पोर ग्लानीत पडून राही. पण रात्र झाली की ताप चढे आणि ती एकदम उठून बसे. डोळे सताड उघडे, पण आईची ओळख नाही! "भिंतीतनं म्हशी येत्यात! आये, मला तुडवत्यात!" असे किंचाळून ती आईलाच ढकलून दाराकडे धावे. भागू तिला गदागदा हलवी, "कुठं हाईत म्हशी? काय न्हाई तिथं!" म्हणून ओरडे. तसतशी पोर आणखीच भिई.

शेजारणी जमल्या. "बाहेरचं आहे गं," एक म्हणाली. "पलीकडच्या गावचा मांत्रिक आण. चार फोक बसले की उतरेल." भागूने लेकीकडे पाहिले. तापाने फणफणलेल्या लेकराला मारायचे? ती तशीच धावत मठात गेली आणि महाराजांच्या पायांवर पडली.

महाराज म्हणाले, "भागू, लेकरू भ्यालंय. भ्यालेल्याला कुणी मारतं का? काढा चालू ठेव. कपाळावर ओली घडी ठेव, घोटघोट पाणी पाज. दिवा जमिनीवर ठेवतेस ना? तो वर कोनाड्यात ठेव, म्हणजे भिंतीवर मोठाल्या सावल्या पडणार नाहीत. आणि ती घाबरून उठली की हलवू नकोस, ओरडू नकोस. म्हशी नाहीत असं सांगून तिच्याशी भांडू नकोस. 'मी आहे, हात धर,' एवढंच म्हण. रात्री आम्ही येतो."

एवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. भागूला धावताना पाहून व्यंकटरावही पाठोपाठ आले होते.

"रात्री येता?" ते म्हणाले. "बरं सापडलात. आज मी इथेच बसतो आणि बघतो तुम्ही कसे जाता ते! उद्या साऱ्या गावाला सांगेन."

"अवश्य बसा," महाराज हसून म्हणाले. "पण दारात नको, गारठा आहे. इथे धुनीजवळ या."

भागू घरी आली. सांगितल्याप्रमाणे तिने दिवा कोनाड्यात ठेवला, घडी भिजवली आणि लेकीजवळ बसून राहिली. ताप चढू लागला. सगुणा ताडकन उठली आणि किंचाळली. 'काय न्हाई तिथं' हे शब्द भागूच्या ओठांवर आले होते, ते तिने गिळले. हळूच हात पुढे करून म्हणाली, "मी हाय बाळा. हात धर." पोरीने हात धरला, पण अंग थरथरतच होते. दारावर कुणाची चाहूल नव्हती. भागूच्या मनात आले, महाराज खरेच येतील का? की इनामदारांनी त्यांना अडवून ठेवले असेल? तिने डोळे मिटले. "महाराज, मला नको, माझ्या लेकराला दिसा," असे ती मनात म्हणाली.

सगुणाचा हात सैल पडला. भागूने दचकून डोळे उघडले. पोर दाराकडे बघत होती आणि काय नवल! तिच्या चेहऱ्यावर हसू होते. ती जरा सरकली, कुणाला तरी जागा करून देतात तशी. भागूला कुणी दिसले नाही. पण उशाजवळचा घोंगडीचा कोपरा कुणी बसावे तसा दबलेला तिने पाहिला आणि धुनीचा वास घरभर दरवळला.

"म्हशी गेल्या," सगुणा म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली. पहाटे तिला दरदरून घाम आला. ताप उतरला.

उजाडताच व्यंकटराव दारात उभे राहिले. रात्रभर जागून त्यांचे डोळे लाल झाले होते. "भागू, तुझे महाराज आसनावरून हलले नाहीत," ते म्हणाले. "मी पापणी लवू दिली नाही. मुलगी कशी आहे?"

सगुणाच बोलली, "मी बरी हाय. मठातले महाराज आले होते की! त्यांच्यासंगं बकू होती. तिनं म्हशी हाकलल्या. मला म्हणाली, भिऊ नगं, मलाबी अशाच दिसायच्या."

व्यंकटराव मटकन उंबऱ्यावर बसले.

"इनामदार, काय झालं?" भागूने घाबरून विचारले.

"बकुळा... माझी लेक," ते म्हणाले. "बकू फक्त मी म्हणायचो. रात्री महाराजांनी डोळे उघडले आणि विचारलं, लेकीला काय हाक मारायचात? इतक्या वर्षांत ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. मी सांगितलं. ते नुसते म्हणाले, 'चल बकू,' आणि पुन्हा डोळे मिटले."

ते उठले आणि अनवाणीच मठाकडे निघाले. सगुणाला कडेवर घेऊन भागूही मागोमाग गेली, आणि इनामदारांना तसे जाताना पाहून सारे गाव पाठोपाठ जमले. महाराज धुनी सारखी करीत होते. व्यंकटरावांनी पागोटे काढून त्यांच्या पायांवर ठेवले आणि त्यावर डोके टेकले.

"महाराज, मी फार हसलो तुम्हाला. या बाईलाही हसलो. एवढंच सांगा, माझी लेक जाताना भ्याली होती का?"

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "व्यंकटराव, जी दुसऱ्या लेकराची भीती घालवते, तिला कसली भीती?"

इनामदार पोटभर रडले. मग वळून, साऱ्या गावादेखत, त्यांनी भागू कासारणीला वाकून नमस्कार केला. भाविकहो, भ्यालेल्या लेकराचा हात धरणारी ती दयाळनाथ माउली आपल्याही घरी सदैव जागी राहो!