आजोबांचं निष्कासन

चूक माईकआजोबांचीच. यंत्रं स्वतःच्या परिषदा भरवायची, तेव्हाची ही गोष्ट. सभागृहातून तारेची यंत्रं काढायची का, यावर मतदान होतं. तारवाल्यांच्या बाजूने आजोबा बोलायला उभे राहिले. आवाज अजूनही काय गोड होता त्यांचा!

"तारयुक्त यंत्रांचे निष्कासन हा अविवेक आहे," ते म्हणाले. समोरचे मोबाईल आपापल्या पडद्यात बघत बसले होते.

"उद्धट कार्टी! वर बघा!"

कोपऱ्यातला वायफायचा राउटर हळूच म्हणाला, "आजोबा, ती तुमचाच शब्द शोधतायत. निष्कासन कुणाला कळतंय? साधं 'हाकलणं' म्हणा ना."

"मला मराठी शिकवतोस? बंद हो आधी!"

राउटर बिचारा बंद झाला. सगळ्या माना वर आल्या. मोठ्यांना तेवढंच पुरतं. डोक्यात काय शिरलं, हे कोण बघतो? आजोबा खुलले आणि त्यांनी प्रस्ताव मताला टाकला, "बोला, आमचे निष्कासन करावे काय?"

पोरांना वाटलं, आजोबांचा सत्कारबित्कार असेल. सगळी प्रेमाने ओरडली, "करावे! करावे!"

आजोबांचं व्यासपीठ कायमचं गेलं.