पाठीची माती

"पोट कापायचं, आतडं वळवायचं, का फुगा घालायचा? तुमी सांगा, वस्ताद. सांगशीला ते करतो."

सर्जेरावानं उभ्याउभ्याच विचारलं. बसायला सतरंजी अंथरलेली होती. पण खाली बसलं तर उठवायला माणूस लागायचा, आणि ज्या तालमीत आपण वाढलो तिथं कोणी आपल्याला हात देऊन उठवावं, हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

दस्तगीर वस्ताद आखाड्याच्या हौद्याच्या कठड्यावर बसून माती चाळत होते. कुस्तीची लाल माती. ताक, तेल, हळद पिऊन मऊ झालेली. बोटाला खडा लागला की ते तो बाजूला टाकायचे.

दुपार होती. सकाळची पोरं मेहनत करून आपापल्या घरी गेली होती. बाहेर लिंबाखाली जीप उभी होती, आणि जीपमध्ये सर्जेरावाची बायको सुलाबाई बसली होती. तिनं नवऱ्याकडून शब्द घेतला होता. डॉक्टरचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, निदान वस्ताद सांगतील ते तरी करा.

सर्जेरावानं शब्द दिला होता. आणि दिलेला शब्द तो मोडत नसे.

वस्ताद वर न बघता म्हणाले, "घाम किती आलाय तुला. जीप दारात हाय न्हवं?"

"व्हय."

"दारापासनं हितवर आलास तर एवढा घाम?"

सर्जेरावानं टॉवेलानं मान पुसली.

हा माणूस कोण होता, ते सांगितलं पाहिजे. वारणेच्या खोऱ्यात सर्जेराव पैलवानाला जोड मिळत नव्हती. जत्रेत हलगी वाजायची, हा मांडीवर थाप मारून मैदानाला फेरी मारायचा, आणि समोरून कोणी उतरायचं नाही. जे उतरले ते आभाळ बघून गेले. त्याच्या पाठीला मात्र कधी माती लागली नाही. एकदाही नाही. पंचक्रोशीत पोराला नाव ठेवताना लोक म्हणायचे, सर्जेरावासारखी पाठ घेऊन ये.

कुस्ती सुटली. वय झालं की ती सुटतेच. मेहनत सुटली. खुराक मात्र सुटला नाही. तेच दूध, तेच बदाम, तेच तूप, तेच मटण. पैलवानाचं ताट घरात होतं आणि पैलवान घरात नव्हता.

त्या तालमीची एक जुनी रीत होती. कुस्ती सोडणारा पैलवान शेवटच्या दिवशी हौद्यात उतरायचा आणि आपण होऊन पाठीवर निजायचा. वस्ताद त्याच्या छातीवर ओंजळभर माती टाकायचे आणि म्हणायचे, मोकळा झालास. त्या दिवसापासून त्याचा खुराक बंद. घरची भाकरी सुरू.

सर्जेरावानं ती माती घेतली नव्हती. पायाला हात लावला आणि म्हणाला होता, वस्ताद, डोकं ठेवतो, पण पाठ टेकणार न्हाई. ही पाठ तुमी घडवलीय. तेव्हा सगळ्या तालमीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

टाळ्या विरल्या. खुराक चालू राहिला.

आता तो दारातून आडवा होऊन आत यायचा. साखर चढली होती. छातीत जळजळ व्हायची. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून गेली कित्येक वर्षं तो खुर्चीत बसून झोपत होता. गावात बोललं जायचं की सर्जेराव झोपेतसुद्धा पाठ टेकत नाही. तो ते ऐकून मिशीला हात लावायचा. खरं काय ते सुलाबाईला ठाऊक होतं. ती शेजारी अंथरूण टाकून श्वास परत येतो का ते ऐकत पडायची.

वस्तादांनी एक खडा टाकला.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"बाई हाय. एवढीशी. मनगट माझ्या अंगठ्याएवढं."

"मनगट न्हाई विचारलं."

मग सर्जेरावानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, तर काटा शेवटाला जाऊन टेकला. तिथंसुद्धा तो ताठ उभा राहिला, मैदानाआधी वजन करतात तसा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून तीन वाटा दाखवल्या. एक, पोटाचा मोठा भाग कापून काढून टाकायचा. उरलेलं केळ्याएवढं ठेवायचं. ते परत येत नाही. दुसरी, पोटाचा वरचा लहानसा तुकडा वेगळा करून त्याला खालचं आतडं जोडायचं, म्हणजे अन्न आडवाटेनं जातं. त्याला बायपास म्हणतात. त्यात जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. तिसरी, तोंडातून फुगा आत सोडायचा आणि पोटात फुगवून ठेवायचा. कापाकापी नाही. काही महिन्यांनी तो काढून टाकायचा.

"मग तिनं कुठलं सांगितलं?"

"बायपास. म्हणाली, तुमच्या साखरेला आणि जळजळीला तेच बरं. पोट नुसतं कापलं तर जळजळ वाढंल. फुग्यानं तुमचं काम भागणार न्हाई, काढला की वजन परत चढंल."

"झालं तर."

"काय झालं?"

"डाव ठरला की. मला कशाला विचारतोस? त्या बाईनं तुझं पोट आतनं बघितलंय. मी भाईरनं बघितलं, आणि ते बी दोन दारांतनं दिसतंय."

सर्जेरावाला राग आला. या तालमीत त्याला असं कोणी बोललं नव्हतं. वस्ताद मात्र माती चाळत राहिले.

"वस्ताद, मला फुगा बरा वाटतो."

"का?"

"काढता येतो."

"काढल्यावर?"

"काढल्यावर... बघू."

"काढल्यावर दूध, बदाम, तूप."

सर्जेराव टॉवेलाची घडी घालायला लागला.

"ही एक गोष्ट झाली. दुसरी सांग."

"दुसरी कुठली?"

"तुला मी लंगोट बांधायला शिकवलं, सर्जा. खोटी पकड मारतोस तवा तुझा डावा खांदा उचलतो. आता उचललाय."

सर्जेरावानं खांदा खाली केला. बाहेर जीपचं दार उघडल्याचा आवाज झाला, परत लागल्याचा झाला. सुलाबाई ऊन चुकवत असावी.

मग तो बोलला. आवाज लहान होता. एवढ्या देहातून एवढा लहान आवाज येतो, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"फुगा कुशीवर निजवून घालत्यात."

वस्तादांचा हात थांबला.

"आणि बायपास?"

सर्जेरावानं टॉवेल तोंडावर धरला.

"सर्जा."

"पाठीवर."

मग ते सगळं बाहेर पडलं. त्यानं बाईंना विचारलं होतं की बसवून करता येईल का. बाई म्हणाल्या, नाही. कुशीवर? नाही. बाई म्हणाल्या, डोक्याकडची बाजू उंच करू, आणि आम्ही भूल देणार, तुम्हाला काही कळणार नाही.

"मी म्हणलं, मला कळणार न्हाई, पण माझ्या पाठीला कळंल. सगळ्यांच्या म्होरं टेबलावर चीत? एक बाई वर वाकून उभी? ज्याला कुणी पाडलं न्हाई, त्यानं आपल्या पायानं जाऊन पडायचं?" त्याचा श्वास फुलला. तो थांबला, पुन्हा म्हणाला. "मेलो तर पाठ न टेकता मेलो, एवढं तरी गावानं म्हणावं."

वस्ताद हसले नाहीत. समजूत घातली नाही. मृत्यूची गोष्ट काढली नाही, सुलाबाईची काढली नाही.

ते उठले. चाळणी कठड्याला टेकवली. सदरा काढला, घडी घालून सतरंजीवर ठेवला. म्हातारं अंग, पण दोरखंडासारखं पिळलेलं. कान दुमडलेले, जुन्या पैलवानाचे असतात तसे. त्यांनी फावडं घेतलं आणि हौद्याच्या मधली माती उकरली. सावकाश. चार घाव मारायचे, थांबायचे. माती मोकळी झाली तसा ताकाचा आंबूस वास वर आला. सर्जेरावाच्या नाकाला तो ओळखीचा वाटला आणि त्याचे डोळे उगीच चुरचुरले.

मग वस्ताद हौद्याच्या मध्ये गेले, मातीला हात लावून कपाळाला लावला...

आणि पाठीवर निजले.

सर्जेरावाच्या अंगावर काटा आला. या माणसाची पाठ मातीला लागलेली कोणी बघितली नव्हती. दस्तगीर वस्ताद पडले असं सांगणारा माणूस जन्माला आला नव्हता. त्याची स्वतःची सगळी मिजास त्या पाठीवर उभी होती. मी दस्तगीर वस्तादांचा पठ्ठ्या, हे वाक्य म्हणूनच तो मैदानात उतरायचा.

"वस्ताद... उठा. तुमची पाठ..."

वस्ताद वरच्या कौलांकडं बघत होते.

"गार लागतंय," ते म्हणाले.

"उठा, वस्ताद. पाया पडतो."

"मी चीत हाय. तू उभा हाईस. मग ये की. बस छातीवर आणि घे कुस्ती."

"असं बोलू नका."

"ये म्हणतो. दस्तगीरला पाडला म्हणून सांग गावाला. मी न्हाई म्हणणार न्हाई."

सर्जेराव हौद्याच्या काठावर आला. एक पाऊल आत टाकलं. गुरूच्या छातीवर बसायचा विचार त्याच्या मनात नव्हता. त्याला फक्त त्यांना उचलायचं होतं. तो वाकायला गेला. पोट आडवं आलं. गुडघा दुमडायला गेला. गुडघा दुमडेना. हात लांब केला. हात पोचेना.

समोर पाठ टेकून एक म्हातारा पडला होता, आणि त्याला ना दाबणं शक्य होतं, ना उठवणं.

जत्रेत जोड नसलेला माणूस तिथं उभा राहिला. घाम मिशीवरून ओघळत होता. वस्ताद बघत नव्हते. ते कौलं बघत होते.

"सर्जा."

"जी."

"मैदानात तुला कोण पाडणार होतं, ती गोष्ट आता सरली. आता तुला जो पाडणार हाय, तो हलगी वाजवत येत न्हाई. तो तुला खुर्चीतच गाठंल. बसल्या जागी. पाठ न टेकता."

सर्जेरावानं टॉवेल कठड्यावर टाकला.

हौद्याच्या काठच्या मल्लखांबाला धरून तो खाली उतरू लागला. एक हात खांबाला, एक हात मांडीवर. लाकूड कुरकुरलं. तो मातीत बसला. धप्प आवाज झाला, आणि कोपऱ्यातली दोन कबुतरं उडाली. मग कोपरावर आला. तिथं थांबला. बराच वेळ थांबला. कोपरापासून मातीपर्यंत वीतभर अंतर होतं, आणि ती वीत त्याच्या सगळ्या आयुष्याएवढी लांब होती.

"जत्रेत न्हाईस," वस्ताद म्हणाले. "घरात हाईस."

सर्जेरावानं पाठ सोडली.

पाठ मातीला लागली. लागली तशी छाती दडपली, श्वास घशात अडला, डोळे मोठे झाले. वस्ताद चटकन कुशीवर वळून उठले, दोन्ही हातांनी माती ओढून त्याच्या मानेखाली आणि खांद्यांखाली उंचवटा केला. पैलवानाची मान हातांनी धरून त्यावर ठेवली. श्वास मोकळा झाला.

गार होती. खरंच गार होती. इतकी वर्षं ज्या मातीत तो दुसऱ्यांना टाकत आला, ती पाठीला कशी लागते ते त्याला ठाऊक नव्हतं.



मग वस्तादांनी ओंजळ भरली. माती त्याच्या छातीवर टाकली. सदऱ्याच्या गुंड्यांमधून ती आत घरंगळली.

"मोकळा झालास."

सर्जेरावाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांकडं गेलं. निजलेल्या माणसाचं पाणी कानांकडं जातं. त्याला ते आत्ताच कळलं.

"वस्ताद... हरलो का मी?"

"कुणाबर?"

त्यानं नाव शोधलं, पण सापडेना.

"बायपास," तो शेवटी म्हणाला. "सोमवारी या म्हणाली बाई. जातो."

वस्तादांनी सदरा उचलला, झटकला, अंगात घातला.

सर्जेराव उठायला लागला. सरळ उठायला गेला, पोट मधे आलं, परत मागं पडला. दुसऱ्यांदा तसंच झालं. त्यानं हात मागितला नाही. वस्तादांनी दिला नाही.

"कुशीवर वळ," ते म्हणाले. "कूस उठायसाठी असती."

तो वळला. गुडघ्यावर आला. मल्लखांब धरला, दम घेतला, आणि स्वतःच्या पायांवर उभा राहिला. बराच वेळ लागला, पण उभा राहिला. छाती बाहेर आली, मान ताठ झाली. हात सवयीनं मिशीकडं गेला. मग पैलवान पाठीकडं हात नेऊन सदरा झाडायला लागला.

वस्ताद कठड्यावर जाऊन बसले होते. चाळणी पुन्हा हातात घेतली होती. वर न बघता ते म्हणाले,

"झाडू नगंस. सुलाबाई भाईर बसलीय. तिला बघू दे."