उसनी पोरं

एका गावात एक शाळा होती. होती म्हणजे, भिंती होत्या, दार होतं, राजाच्या खजिन्यातून पगार घेणारे गुरुजीही होते. शिकणं तेवढं नव्हतं! मोठ्या खोलीत पाटलांचा कडबा भरलेला. धाकट्या खोलीचं छप्पर असं, की पावसाळ्यात अंगणापेक्षा आतच जास्त चिखल. आणि गुरुजी? ते सकाळीच पाटलांच्या घरी जायचे. पाटलांच्या मुलाला शिकवायचे, पाटलांची बारीकसारीक कामं करायचे आणि जेवण झालं की पाटलांच्याच ओसरीवर घोरायचे. बाकीची पोरं देवळामागे विटीदांडू खेळायची आणि दिवेलागणीला "शाळा सुटली" म्हणून घरी यायची.

मग कुणी विचारत नव्हतं का? अहो, विचारणार कोण! पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो? शिवाय वर्षातून एकदा राजाचा तपासनीस शाळा बघायला यायचाच. "तो बघेल की," असं म्हणून जो तो आपल्या कामाला लागायचा.

तपासनीस यायचा खरा, पण आधी निरोप धाडून यायचा. आणि या गावाला एक जुनी सवय होती. लग्नकार्य निघालं की शेजारच्या गावातून सतरंज्या, समया, पराती उसन्या आणायच्या. पाहुण्यापुढे गावाचं उणं म्हणून दिसता कामा नये! तीच सवय त्यांनी शाळेला लावली. निरोप आला की कडबा हलायचा, भिंतींना चुना लागायचा, फुटक्या छपराखाली पांढरं छत ताणलं जायचं. आणि शेजारच्या गावात गुरुजी मन लावून शिकवायचे, म्हणून तिथून वाचता येणारी पोरं उसनी आणली जायची. हसू नका, खरंच सांगते! गावची आपली पोरं त्या दिवशी आमराईत पिटाळायची. उसनी पोरं घडाघडा वाचायची, तपासनीस शाबासकी देऊन निघून जायचा, आणि गाव म्हणायचं, "राखली बाई अब्रू!"

उसन्या पोरांना परत जाताना बेसनाचे लाडू मिळायचे. ते करायची कोंडाबाई. तिच्या हाताला चवच तशी होती, त्यामुळे हे काम दरसाल तिच्याचकडे यायचं आणि तीही पदर खोचून हौसेनं करायची.

या कोंडाबाईला एक मुलगी होती, ठकू. एके दिवशी ठकूच्या बापानं, हरबानं, तिच्यापुढे पाटी सरकवली. "ठके, माझं नाव लिही बघू."

ठकूनं बराच वेळ पाटीवर काहीतरी रेखाटलं. मग भीत भीत बापापुढे धरली.

"हे काय गं?"

"तुमचं मुंडासं, बाबा," ठकू म्हणाली. "मला चित्र येतं. नाव येत नाही."

हरबाचं डोकं फिरलं. "कितीतरी वर्षं शाळेत जातेस आणि बापाचं नाव येईना? पुरे झालं! तपासनीस येऊन गेला की दुसऱ्या दिवसापासून शेळ्यांमागे जायचं."

ठकू आईच्या पदरात तोंड खुपसून रडायला लागली. "आई, मला शिकायचंय गं! पण कुणी शिकवतच नाही."

कोंडाबाई तडक गुरुजींकडे गेली. गुरुजींनी मान खाली घातली. "बाई, मला का हौस आहे? पाटलांना नाही म्हणायची माझी छाती नाही. तुम्ही म्हणून बघा."

ती पाटलांकडे गेली. पाटील सुपारी कातरत बसले होते. "अगं, राजाचा माणूस दरसाल शाबासकी देऊन जातो," ते म्हणाले. "त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं होय? जा घरी आणि लाडवांचं बघ. परवा यायचाय तो."

कोंडाबाई घरी आली. चुलीवर कढई चढवली आणि बेसन भाजायला लागली. भाजता भाजता तिचा हात थांबला. पाटील म्हणाले ते खरंच होतं की! तपासनिसानं शाबासकी दिली, कारण त्याला कुणी काही दिसूच दिलं नाही. छत ताणणारे हात गावचे, पोरांना आमराईत पिटाळणारे आईबाप गावचे, आणि लाडू तर तिचे स्वतःचे! "आपणच झाकायचं आणि आपणच म्हणायचं, त्याला दिसत कसं नाही! काय म्हणावं या शहाणपणाला," ती स्वतःशीच पुटपुटली. विचारात बेसन करपलं, पण तिनं दुसरं काही भाजायला घेतलं नाही. तिनं ठकूला जवळ बोलावलं.

"ठके, परवा तू आमराईत जायचं नाहीस. माझ्याबरोबर शाळेत यायचं. तपासनिसानं वाच म्हटलं की खरं सांगायचं."

"सगळे हसतील ना?"

"हसतील," कोंडाबाई म्हणाली. खोटं बोलून काय उपयोग होता? "तुला नको असेल तर नाही जायचं."

ठकूनं नाक पुसलं. "शेळ्यांमागं गेले तर कुणी हसणार नाही. पण मग मला कधीच काही येणार नाही." मग ती म्हणाली, "मी येते."

तपासनिसाचा दिवस उजाडला. दारी तोरण, अंगणात रांगोळी, वर पांढरं छत. उसनी पोरं टोप्या घालून ओळीत बसली होती. एका पोरानं पुस्तक उघडून असं सणसणीत वाचलं, की तपासनिसानं मान डोलावली. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात कोंडाबाई ठकूचा हात धरून दारात उभी राहिली.

"साहेब, ही या गावची आहे. हिलाही वाचायला सांगा."

पाटील ताडकन उठले. "कोंडे, पाहुण्यासमोर तमाशा नको! गावाची अब्रू घालवतेस?"

"अब्रू आज नाही जात पाटील, रोज जातेय," कोंडाबाई म्हणाली. तिनं ठकूला पुढे केलं.

तपासनिसानं पुस्तक ठकूपुढे धरलं. ठकूनं पुस्तकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मोठ्यानं सांगून टाकलं, "मला येत नाही. आम्हाला कुणी शिकवत नाही. ही पोरं दुसऱ्या गावची आहेत."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. ठकूचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही. मग कुंभाराची बायको उठली आणि आमराईकडे चालू लागली. तिच्यामागे सुतार गेला, त्याच्यामागे आणखी बायाबापडे. थोड्या वेळानं ते आपापली पोरं घेऊन आले. अंगाला कैऱ्यांचा चीक लागलेली, गुडघे फुटलेली ती पोरं येऊन उभी राहिली, तेव्हा शाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही. "ही माझी," "हा माझा," एकेक जण सांगू लागला. कुणीतरी छताची दोरी सोडली. छत खाली आलं आणि वरच्या भोकांतून ऊन थेट तपासनिसाच्या पागोट्यावर पडलं.

तपासनीस मान वर करून भोकांकडे बघू लागला. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी येतो, छान छान म्हणतो आणि जातो. वर पाहण्याची तसदी कधी घेतली नाही. यात माझाही दोष आहे." त्यानं तिथल्या तिथे हुकूम दिला. कडबा शाळेत पुन्हा यायचा नाही. पावसाच्या आत छप्पर शाकारायचं. गुरुजींनी शाळेतच शिकवायचं, पाटलांच्या मुलालाही तिथेच. गुरुजींनी केवढा सुस्कारा सोडला म्हणता! पाटील मात्र फणकाऱ्यानं निघून गेले.

"पण बाई," तपासनीस कोंडाबाईला म्हणाला, "मी उद्या माझ्या वाटेनं जाणार. हुकूम पाळला जातो की नाही, हे बघायचं कुणी?"

तेवढ्यात मागून हरबा पुढे आला. आतापर्यंत तो दाराआड उभा होता, लेकीचं बोलणं ऐकून डोळे पुसत होता. "साहेब, आम्ही शेताला पाटाचं पाणी पाळीनं घेतो," तो म्हणाला. "ज्याची पाळी, तो पाटावर उभा राहतो. नाहीतर पाट मध्येच फुटतो आणि पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतच नाही. तशीच पाळी शाळेला लावू. रोज एका घरातलं माणूस शाळेत येऊन बसेल."

"आणि पाटलांच्या घरची पाळी?" कुणीतरी चेष्टेनं विचारलं.

"लागेल की! पाणी त्यांच्याही शेताला लागतंच," हरबा म्हणाला, आणि सगळे खळखळून हसले.

उसन्या पोरांचं काय? कोंडाबाईनं त्यांना करपलेल्या बेसनाचे लाडू दिले आणि मनापासून माफी मागितली. पोरांनी ते तसेच मिटक्या मारत खाल्ले.

तशी पाळी सुरू झाली. पहिल्यापहिल्यांदा कुणी विसरायचं, कुणी शाळेत बसल्या बसल्या पेंगायचं. पण विसरलेल्याला शेजारीण सुनावायची आणि पेंगणाऱ्याला पोरं हलवायची. पाटील काही दिवस तोंड फुगवून बसले. पण मुलगा शाळेतून उड्या मारत घरी यायला लागला, तसे तेही पाळीला येऊन बसू लागले, मागच्या भिंतीला टेकून. गुरुजी तर असे रंगून शिकवायचे, की दुपारची झोप विसरले.

पुढच्या खेपेला तपासनीस न कळवता आला. ना तोरण, ना रांगोळी. छप्पर नवं होतं, पोरं मळकी होती आणि त्या दिवशी पाळी हरबाची होती. तपासनिसानं ठकूला उभं केलं. ठकू वाचू लागली. एका जोडाक्षरावर अडखळली, मागं गेली, पुन्हा वाचलं, पुढं गेली. आणखी एकदा अडखळली. कुणी मागून शब्द सांगितला नाही, कुणी खोकून सारवासारव केली नाही.

"अडखळते जरा," हरबा ओशाळून म्हणाला.

"अडखळू दे," तपासनीस म्हणाला. "एवढ्या वर्षांत या शाळेत मी या गावचं पोर वाचताना पहिल्यांदाच ऐकतोय."

संध्याकाळी घरी येताना ठकूनं हळूच विचारलं, "बाबा, उद्यापासून शेळ्यांमागं जायचं का हो?"

"वेडी का काय! शेळ्यांमागं मी जातो," हरबा म्हणाला. "तू आधी ते जोडाक्षर नीट कर."

तात्पर्य काय, तर कारभाऱ्याला जाब विचारायचा असेल तर आधी त्याच्या चुकांवर आपणच ताणलेलं छत सोडावं, आणि मग डोळे उघडे ठेवून रोज थोडं लक्ष द्यावं. उणं झाकून अब्रू राहत नाही. ते भरून काढलं की राहते.