चितारी आणि पाचोळ्यातलं निळं फूल

फार फार जुन्या काळी एका राज्यात एक चितारी होता. हात सोन्याचा, पण नीटनेटकेपणाचं खूळ असं की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा.

राजमातेची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. वैद्य म्हणाले, "होळीपर्यंत दिसेल. पुढचं सांगता येत नाही." राजमातेने एकच हट्ट धरला. तिच्या माहेरच्या रानात माघ सरता सरता पाचोळ्यातून एक इवलंसं निळं फूल वर येतं, ते तिला एकदा पाहायचं होतं. प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून राजाने चिताऱ्याला फुलाचं चित्र आणायला पाठवलं.

रानात मध गोळा करणाऱ्या एका म्हातारीने त्याला वाट दाखवली. तीन दिवस पायपीट झाली. चौथ्या दिवशी ती वाकून म्हणाली, "हे बघा. काढा आता."

चितारी फुलाकडे बघेल तर शपथ! "हा केवढा कचरा! ही काडी, या मुंग्या... चित्रात कशा घेऊ?" त्याने झोळीतून चक्क कुंचा काढला आणि झाडलोट सुरू केली.

"अहो, ते पांघरूण आहे त्याचं!" म्हातारी ओरडली.

"तुला चित्रातलं काय कळतंय?" चितारी म्हणाला.

पाचोळा गेला, मुळाशी ऊन पोचलं, आणि रंग घोटून होईपर्यंत फुलाने मान टाकली. दुसरं सापडलं, त्याचंही तेच. मग तिसरं. म्हातारीने हात जोडले, रागावली, शेवटी पाठ फिरवून बसली. शहाण्याने मात्र कुंचा सोडला नाही. तिसरं फूल कोमेजता कोमेजता कसंबसं कागदावर उतरलं, आणि त्या वर्षीचा बहर संपला.

राजमातेने चित्र खिडकीशी नेलं, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"सुरेख आहे रे," ती म्हणाली. "पण हे आमचं नव्हे. आमचं पाचोळा सारून वर डोकावायचं. हे कुठल्या बागेतलं?"



पुढच्या माघात चितारी पुन्हा रानात गेला. म्हातारीने आधी कुंचा काढून घेतला, मगच फूल दाखवलं. या वेळी त्याने चित्रात पान न् पान काढलं, काडी काढली, मुंग्यासुद्धा काढल्या. धावत राजवाड्यात आला आणि चित्र राजमातेच्या हाती दिलं.

तिने कागदावरून हळूच बोटं फिरवली. डोळे केव्हाच विझले होते.

"तूच सांग बाबा," ती म्हणाली, "काय काय आहे यात?"

तो सांगत गेला. ती मुंग्यांपाशी हसली. तो मात्र रडत होता, आणि ते तिला दिसत नव्हतं.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा: जे पाहायला निघालात ते आहे तसं पाहा, आवराआवर करत बसाल, तर पाहायची वेळ निघून जाईल.